पंचाहत्तर वर्षांची साक्ष

माझ्या गायनवर्गात गेली तीन वर्षे जोयडा तालुक्यातला एक तरुण येतो. शिरोलीच्या एका कारखान्यात दिवसपाळी करायची, संध्याकाळी हातपाय धुऊन वर्गाला यायचे आणि तंबोऱ्याशी बसले की तासभर मान वर करायची नाही, असा त्याचा परिपाठ. गळा बेताचाच, पण कान तल्लख. जातीने कुणबी. घरची बोली कोकणी, शाळा कानडीतून झालेली आणि आमच्याशी बोलतो ते मराठीत. कारवार जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडच्या, त्या डोंगरी मुलखात अशी तीन भाषांत वावरणारी माणसे पुष्कळ भेटतात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो चार दिवसांची रजा मागायला आला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, कायम राहण्याचा अर्ज आहे. ग्रामसभेपुढे घरच्या सगळ्यांनी उभे राहायचे आहे."

"कुठे राहण्याचा अर्ज?" मी विचारले.

"राहतो तिथेच."

मला हसू आले आणि लगेच हसल्याची लाज वाटली. मुलाच्या चेहऱ्यावर थट्टेची रेघही नव्हती. त्याचा पणजा ज्या अंगणात वावरला, त्याच अंगणात राहण्याची परवानगी मागायला त्याचे घर निघाले होते. जाता जाता तो म्हणाला, "शेजारच्या वाडीतली एक आजी साक्ष द्यायला येणार आहे. नव्वदीची आहे. लग्नातली सगळी जुनी गाणी तिला येतात. तुम्ही गाणी उतरून घेता, म्हणून म्हटले, येता का?" खरे सांगायचे तर मी गाण्याच्या लोभाने निघालो. अर्जाचे मला तेव्हा फारसे काही वाटले नव्हते.

बेळगाव मागे टाकले, खानापूर गेले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रान दाटू लागते. लोंढ्याच्या पुढे रामनगर लागते. तिथे मुलाचे आजोळ आहे. पहिल्या रात्रीचा मुक्काम त्याच्या मामांकडे होता. सरळ आखलेले रस्ते, ओळीने घरे, चौकात दुकाने. हे गाव वसवलेले आहे, आपसूक वाढलेले नव्हे, हे पाहताक्षणी कळते. काळी नदीवर धरण झाले आणि सुपे पाण्याखाली गेले, तेव्हा उठलेल्या लोकांसाठी ही वसाहत झाली.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना सुपे हे नाव ऐकून ठाऊक असेल. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे ते गाव तालुक्याचे ठाणे होते. कारवार जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे सुमारे ९४ वर्षे सुप्याचा कारभार मुंबईच्या हुकमाने चालत होता. पुढे सीमावादात महाराष्ट्राने कारवार, हल्याळ आणि सुपे या भागांवर हक्क सांगितला, तो याच जुन्या नात्याने. त्या वादाचा निकाल काहीही लागो, सुप्याचा निकाल पाण्याने लावला. गणेशगुडीचे धरण १९८७ साली पुरे झाले. त्याची उंची १०१ मीटर, आणि पोटात सुमारे १४७ टीएमसी पाणी मावते. आपले राधानगरी भरले म्हणजे सव्वाआठ टीएमसीच्या जरा वर. तेव्हा राधानगरीसारखी सतरा धरणे त्यात रिचवावीत, एवढा तो पसारा आहे. ठाणे जोयड्याला गेले, तालुक्यालाही जोयड्याचे नाव मिळाले, आणि सुपे हे नाव उरले ते धरणाला.

जेवणे झाल्यावर मामांनी पत्र्याची पेटी काढली. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेला एक कागद होता. रामनगरातल्या जागेचा. वडिलांचे नाव, जागेचा क्रमांक, शिक्का. त्यांनी तो दिव्याखाली धरला, मला वाचून दाखवला आणि पुन्हा तसाच गुंडाळून ठेवला.

"आमच्याकडे कागद आहे, मास्तर, पण गाव नाही," ते म्हणाले. "बहिणीच्या सासरी गाव आहे, तर कागद नाही."

मुलाची आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "दोन्ही एका घरात कधी येतात ते बघू आता."

दुसऱ्या दिवशी जगलबेटवरून आम्ही त्यांच्या वाडीकडे निघालो. वाटेत तो कायदा काय आहे, हे मी मुलाकडून समजून घेतले आणि परतल्यावर मूळ कागद मिळवून वाचून काढला. वाचकांनाही ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा संसदेने २००६ साली केला. तो २००७ च्या अखेरीस अमलात आला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी निघाले. इंग्रजी अमलात राने सरकारजमा झाली, तेव्हा आत राहणाऱ्यांची नोंद नीट झाली नाही आणि त्यांच्यावर अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच कबूल केले आहे. कारवारच्या रानात कुणबी कुमरीची शेती करीत, म्हणजे डोंगरउताराचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोनतीन वर्षे नाचणी पिकवायची आणि पुढे सरकायचे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच कुमरीवर बंधने घातली. माणसे एका जागी बसली. परंतु ज्या जागी बसली, ती कागदावर रानच राहिली.

नव्या कायद्याने अशा माणसांना अर्ज करण्याची वाट दिली. अनुसूचित जमातींसाठी ती त्यातल्या त्यात सोपी आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमिनीचा कब्जा असला, की पुरे. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून जे आहेत, त्यांना मात्र त्याशिवाय आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, आणि एक पिढी २५ वर्षांची धरून एकंदर ७५ वर्षे, त्यांचा वास रानात होता हे सिद्ध झाले पाहिजे. हिशेब केला तर १३ डिसेंबर १९३० ही तारीख येते. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतले. घाटाच्या या अंगाचे कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आहेत. एकाच कुळातली, एकाच बोलीची माणसे, पण मध्ये राज्याची शीव आहे. त्यामुळे जोयड्याच्या कुणब्याला १९३० सालात जाऊन उभे राहावे लागते.

या मुलाच्या घरचा पहिला अर्ज असाच परत आला होता. ७५ वर्षांचा कागदोपत्री पुरावा नाही, एवढेच कारण. या जिल्ह्यात असे अर्ज हजारोंनी नामंजूर झाले आहेत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर अर्जदारांना रानातून हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा या घरांत चूल पेटली नाही, असे मुलाची आई सांगत होती. पंधरवड्यातच, २८ फेब्रुवारीला, न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि नामंजूर अर्ज कसे हाताळले गेले ते पुन्हा पाहण्याचे ठरले. आम्ही चाललो होतो ती सभा या फेरतपासणीची.

वाडी म्हणजे नऊ घरे. लाल मातीचे सारवलेले खळे, मागे सुपारीची चार झाडे, उताराला बांध घालून केलेली भातखाचरे, परसात कोनाचे वेल आणि मुडलीची रुंद पाने. ही कंदमुळे कुणब्यांच्या हाताची. दरवर्षी जोयड्यात त्यांचा मेळा भरतो आणि लांबलांबून माणसे पाहायला येतात. घरामागे दगडांनी बांधलेली विहीर आहे. तिचे काठाचे दगड दोराने इतके घासले आहेत, की खाचेत माझे अख्खे बोट बसले.

सभा शाळेच्या पडवीत भरली. या कायद्याच्या सभेला निम्मी माणसे हजर लागतात आणि त्यांत एकतृतीयांश बायका असाव्या लागतात, म्हणून बायकाही सकाळची कामे आटोपून आल्या होत्या. वनहक्क समितीची माणसे टेबलाच्या मागे, वनखात्याचे दोघे बाजूच्या बाकावर. अर्जदाराचे घर समोर उभे राहिले. मुलाचे वडील, आई, धाकटी बहीण, काका-काकू आणि काकूच्या कडेवर झोपलेले मूल. वडिलांनी धुतलेले धोतर नेसले होते. आईच्या हातात शिधापत्रिका आणि घरपट्टीच्या पावत्या यांची पिशवी होती. हक्क मान्य झाला, तर पट्टा नवरा आणि बायको या दोघांच्या नावाने होतो. तो मुलाबाळांकडे जातो, विकता मात्र येत नाही. आपले नाव जमिनीच्या कागदावर लागेल, हे त्या माउलीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले होते. समितीच्या अध्यक्षांनी तिचे नाव पुकारले, तेव्हा तिने आधी नवऱ्याकडे पाहिले आणि मग एक पाऊल पुढे टाकले.

विहीर, बांध, जुना फणस आणि घराण्याच्या देवाची जागा समितीने आदल्याच दिवशी येऊन पाहिली होती. नियमांत अशा गोष्टी पुरावा म्हणून धरलेल्या आहेत. अर्जदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे म्हणणे लिहून घेतले, तर तोही पुरावाच. गॅझेटियरही चालते. १८८३ सालच्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरात सुपे आहे, कुणबी आहेत. पण गॅझेटियरात जमात सापडते, घर सापडत नाही. घराची साक्ष शेजाऱ्यानेच द्यावी लागते.

आजीला खुर्ची दिली होती, पण ती खाली बसली. तिच्या घरची जमीन मालकीची आहे, या अर्जाशी तिचा काही संबंध नाही. समितीचे लिहिणारे शाळेचे गुरुजी होते. त्यांनी कानडीत विचारले, मुलाने कोकणीत सांगितले, "आजी, आमच्या घरात आधी कोण कोण होते?"

आजी गप्प. तिने मुलाच्या आजोबांचे नाव सांगितले आणि पुढे थांबली. गुरुजींनी पुन्हा विचारले. वनखात्याचे एक गृहस्थ घड्याळाकडे पाहू लागले. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. मग आजीच म्हणाली, "असे मधूनच विचारले तर कसे आठवेल? पहिल्यापासून म्हणायला हवे." आणि ती गुणगुणू लागली.

त्या वाडीत लग्नाच्या आदल्या रात्री बायका आमंत्रणाचे गाणे म्हणतात. आधी गावदेवाला बोलावणे, मग शिवेवरच्या देवांना, मग विहिरीला, मग उंबरठ्याला, आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, नावानिशी, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. शेजारच्या वाडीच्या बायकाही म्हणायला येतात. आजीने या घरची तीन लग्ने गायली होती. चाल चार सुरांची, षड्जाखाली एकदा कोमल निषादाला हात लावून परत येणारी. आवाज आता फाटला आहे, पण सूर जागच्या जागी. मी वही उघडली आणि एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक नावाला चालीचा एक फेरा आहे. नाव गाळले, तर पुढच्या फेऱ्याची उचल चुकते. म्हणून नावे विसरत नाहीत. विहीर झाली, उंबरठा झाला, आणि मग आजीच्या तोंडून एकामागून एक चार जोड्यांची नावे बाहेर पडली, नवरा आणि बायको अशी. मुलाच्या पणजोबांची आई-वडीलही त्यांत आली.

"गाणे हा पुरावा कसा होईल?" बाकावरच्या गृहस्थांनी विचारले. विचारण्यात खोच नव्हती, त्यांना खरोखर शंका होती.

अध्यक्ष म्हणाले, "गाणे लिहीत नाही, साहेब. बाईंचे सांगणे लिहितो आहोत."

नावे लिहून झाली, पण साल उरलेच. आजीला साल सांगता येईना. कॅसलरॉकची गाडी बंद झाली तेव्हा आपला थोरला मुलगा पाऊल टाकू लागला होता, एवढे ती सांगे. ती गोष्ट १९५५ ची. गोव्याच्या सत्याग्रहानंतर सरहद्दीवरची वाहतूक बंद झाली तेव्हाची. तिथून १९३० पर्यंत पंचवीस वर्षांची दरी होती. ती कशी ओलांडायची? गुरुजींनी शांतपणे विचारले, "या घरातल्या पणजीबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"ठाऊक काय? माझ्या सासूच्या लग्नात तिला पहिली हळद लावली ती या पणजीने. सासू दर लग्नात सांगायची."

"सासूचे लग्न कधी झाले?"

"ते मला कसे ठाऊक? माझा घरधनी तिचा पहिला मुलगा."

गुरुजींचे लिहिणे थांबले. आजीचे यजमान रेल्वेत गँगमन होते आणि त्यांच्यामागे आजीला पेन्शन मिळते, हे पडवीतल्या सगळ्यांना माहीत होते. आजीचा नातू पळत गेला आणि अर्ध्या तासाने पेन्शनचे कागद घेऊन आला. त्यावर यजमानांचे जन्मसाल होते, १९२९. म्हणजे सासूचे लग्न त्याआधीचे. त्या लग्नात हळद लावणारी बाई त्याआधीच या वाडीत नांदत होती. १३ डिसेंबर १९३० च्या पलीकडे, एका वर्षाच्या अंतरावर, ती हळदीची वाटी घेऊन उभी होती.

पडवीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलाच्या वडिलांनी डोक्यावरचे फडके काढून तोंड पुसले, एवढेच. आजीने कागदावर अंगठा दिला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात दूर धरून बसली. ग्रामसभेने ठराव केला आणि कागद उपविभागीय समितीकडे गेले. त्या समितीला आणि तिच्या वरच्या जिल्हा समितीला अमुकच प्रकारचा लेखी पुरावा आणा, असा हट्ट धरता येत नाही. २०१२ साली नियमांत सुधारणा झाली, तेव्हा हे स्पष्ट लिहिले गेले. नामंजुरी झाली, तर ६० दिवसांत दाद मागता येते. हे सर्व मी मुलाला वाचून दाखवले आहे, कारण त्याच्या घरात ते कोणी सांगितले नव्हते.

परतताना गणेशगुडीला थांबलो. दोन डोंगरांमध्ये भिंत आणि मागे दृष्टी पोचेल तिथवर पाणी. त्या पाण्यावर वीज होते, खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी एकामागून एक वीजघरे चालतात, आणि तो उजेड आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आला असेल. मुलाची आई आमच्याबरोबर रामनगरपर्यंत येत होती. तिने पाण्याकडे बोट केले, "तिकडे आमचे घर," असे म्हणाली आणि पदर सावरून पुन्हा गाडीत बसली.

मला तेव्हा कुर्डी आठवली. या डोंगरांच्या पलीकडे, गोव्याच्या सांगे महालात, कुर्डी नावाचे गाव होते. ऐंशीच्या दशकात साळावलीचे धरण झाले आणि तेही बुडाले. मे महिन्यात पाणी उतरते, तेव्हा ते वर येते आणि उठून गेलेली माणसे सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. १९०४ साली त्या गावात मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत राहिले होते. त्यांनी जाता-येता या मुलीचा रियाज ऐकला आणि आपण होऊन तालीम सुरू केली, ही कथा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. मोगूबाई २००१ साली गेल्या, त्यांची कन्या किशोरीताई २०१७ साली. कुर्डी पाण्यात गेली, पण गाण्याच्या दुनियेत ते नाव राहिले ते एका बाईच्या आडनावात. आमच्या घराण्यांचेही तसेच आहे. खाँसाहेबांचे पूर्वज अत्रौलीचे, ते वाढले राजस्थानात, आणि नावारूपाला आले ते शाहू महाराजांच्या पदरी, आपल्या कोल्हापुरात. तरी घराण्याला जयपूर-अत्रौली म्हणायचे. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथे राहिले आणि त्यांच्याकडे शिकायला धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर आले. मन्सूर हेही त्यांच्या गावाचेच नाव. गाणारा माणूस गाव सोडतो, पण नाव बरोबर नेतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती मी आजवर कौतुकाने सांगत असे, या प्रवासानंतर जरा निराळी वाटू लागली आहे. आजोबा वेंगुर्ल्याकडून घाट चढून कोल्हापुरास आले ते १९३० साली. दरबारात नोकरी मागायची होती. पहिल्या दिवशी एकटेच गेले, तर एका कारकुनाने सांगितले, "गवई येतात आणि हंगाम संपला की जातात. राहणार असाल तर बिऱ्हाड घेऊन या." दुसऱ्या दिवशी आजोबा आजीला, दोन मुलींना आणि पाच वर्षांच्या माझ्या वडिलांना घेऊन उभे राहिले. वडील सांगत, की ऊन तापले होते, आजीने स्वयंपाकाची भांडीसुद्धा बरोबर घेतली होती आणि ती बोचक्यात वाजत होती. कारकून भांड्यांकडे बघून हसला आणि त्याने अर्ज आत नेला. पुढे वडीलही दरबारात गायले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले आणि नोकरी संपली, पण तोवर आम्ही कोल्हापूरकर झालो होतो. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य.

त्या नेमणुकीचा कागद आज आमच्याकडे नाही. पेटीला वाळवी लागली, तिच्यात गेला. पण त्यावाचून आमचे काही अडले नाही. गल्लीत कुणी विचारले नाही, कचेरीत विचारले नाही. शहरात आम्ही जुने म्हणूनच ओळखले जातो. १९३० साली भांडी वाजवीत आलेले आम्ही जुने, आणि त्याआधीपासून विहिरीचे दगड दोराने झिजवणारे ते लोक अजून अर्जदार. माझ्या वर्गात रोज संध्याकाळी आम्ही दोघे समोरासमोर बसतो. त्याला १९३० चा पुरावा विचारला जातो, मला कधीच कोणी विचारला नाही. एवढा फरक मला तीन वर्षांत दिसला नव्हता.

आणि पुरावा म्हणजे तरी काय? वडिलांनी मला शिकवलेल्या चिजा त्यांनी आजोबांकडून घेतल्या, आजोबांनी गुरूंकडून. कुठेही सही-शिक्का नाही. ही चीज खरी कशावरून, असे मला अजून कोणी विचारलेले नाही. मग आजीच्या तोंडची नावे खरी कशावरून, असे आपण का विचारावे? कायद्याने ती साक्ष मानली, हे कायद्याचे शहाणपण. पण कायद्याने एक गोष्ट दिलेली नाही, ती म्हणजे वेळ. १९३० साली डोळे उघडे असलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांचे ऐकलेली माणसे नव्वदीला आली. त्यांच्यामागून साक्ष म्हणून उरेल तो कागद, आणि तो या घरांत नाही.

तो कदाचित आपल्या घरांत असेल, म्हणून हे लिहीत आहे. या पानाच्या वाचकांत कित्येक घराणी अशी आहेत, की ज्यांचे सोयरसंबंध, कुळे, व्यापार, देवस्थाने खानापूर, हल्याळ, सुपे, कारवार या मुलखात होती. माळ्यावरच्या पेट्यांतून जुन्या खतावण्या असतील, खंडाच्या पावत्या असतील, देवळाच्या वर्गणीच्या याद्या, लग्नाच्या आहेराच्या वह्या, मोडीतली पत्रे असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात, मीही घातल्या आहेत. यंदा घालण्यापूर्वी एकदा उलगडून पाहाव्यात. १९३० पूर्वीच्या एखाद्या वहीत, भाताच्या खंडीपुढे, अमुक वाडीचा अमुक कुणबी असे एक नाव सापडले, तर ते नाव कुणाच्या तरी घराचा उंबरठा असू शकेल. मोडी वाचणारी माणसे आपल्या शहरात अजून आहेत. नाव सापडले तर त्या वाडीपर्यंत पोचवणे आपल्याला अवघड नाही.

आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना बोलते करावे. साल विचारू नये. साल त्यांना येत नाही. हळद कुणी लावली, हे विचारावे.

त्या अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. मुलगा रजा संपवून वेळेवर परतला आणि आल्या दिवशी वर्गाला बसला. आजीचे गाणे मी स्वरलिपीत उतरवले आहे, एकही फेरा न गाळता. माझ्या वहीत त्याच्या वर वाडीचे नाव लिहिले आहे, सभेची तारीख घातली आहे, आणि उतरवणारा म्हणून खाली सही केली आहे. उद्या कुणाला लागलीच तर असावी.